माळेगावला जोडी नेली, दावी घरी आणली



आठ दिवस झाले, पानावर काही टाकलं नाही. हरभरा कसा आहे, घाटे लागले का, म्हणून दोघा-तिघांचे फोन आले. हरभरा बरा आहे. आम्ही घरचे सगळे माळेगावच्या यात्रेला गेलो होतो. आल्यावर दोन दिवस लिहायचं मनच झालं नाही. आज लिहायलो.

लांबच्या मंडळींसाठी सांगतो. माळेगाव म्हणजे आमच्या नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुक्यातलं, नांदेड-लातूर रस्त्यावरचं. नाशिककडचं मालेगाव नव्हे. इथं खंडोबाचं ठाणं आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि यात्रा सुरू होते. या खेपेला ती 29 डिसेंबर 2024 ला आली, रविवारी. वरून दुसऱ्या दिवशी सोमवती अमावस्या. खंडोबावाल्यांना सोमवतीचं महत्त्व सांगायला नको. त्यामुळं गर्दी अशी की रस्त्यावर मोटारसायकल उभी करायला जागा नव्हती.

यात्रा देवाची, पण भरते ती जनावरांची. घोडे बाहेरच्या राज्यांतून येतात, गाढवांचा बाजार वेगळा, उंट, शेळ्या, कोंबडे, कुत्रीसुद्धा. बैलबाजार तर आमच्या जीवाभावाचा. एका अंगाला लाल कंधारी, दुसऱ्या अंगाला देवणी. आमचे वडील म्हणायचे, दर्शनाला अर्धा तास पुरतो, बाजाराला तीन दिवस कमी पडतात. खंडोबा आमचं कुलदैवत. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर घरातलं कोणीतरी माळेगावला गेलं नाही असं झालेलं नाही. चंपाषष्ठीला, 7 डिसेंबरला, घरी वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा निवद झाला होताच. तेव्हाच मुलगा हळू आवाजात म्हणाला, "बाबा, यंदा जोडी न्यायची ना?"

हा विषय घरात दिवाळीपासून चालू होता. माझी जमीन नऊ एकर, मध्यम ते भारी. सहा एकर सोयाबीन होतं. सप्टेंबरच्या 1 आणि 2 तारखेचा पाऊस तुम्हाला आठवत असेल. ऐन शेंगा भरायच्या वेळेला दोन एकर पाण्याखाली गेलं. उरलेल्यात सरासरी चार क्विंटलचा उतारा पडला. हमीभाव 4892, आणि मी घातलं 4050 नं, कारण थांबायला पैसे नव्हते. पीककर्ज भरायचं होतं, नाहीतर नवं मिळत नाही.

त्यात मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. तो म्हणतो, नांगरट ट्रॅक्टरनं, रोटा ट्रॅक्टरनं, पेरणी ट्रॅक्टरनं. बैल वर्षातले मोजून पंचवीस-तीस दिवस कामाला, कोळपणीला आणि एखाद्या पाळीला. बाकीचे तीनशे दिवस खाऊन उभे. आणि खायला घालायचं काय? आमच्याकडं पूर्वी खरिपात हायब्रीड ज्वारी आणि रब्बीत टाळकी असायची. कडब्याच्या गंज्या घरापेक्षा उंच असायच्या. सोयाबीन आलं आणि ज्वारी गेली. सोयाबीनची गुळी जनावर खातं, पण तिच्यावर बैल कामाला उभा राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी कडबा विकत घेतला. शेतकऱ्यानं कडबा विकत घ्यायचा म्हणजे विहीर असून पाणी विकत आणल्यासारखं. त्या दिवशीच मनातल्या मनात जोडी अर्धी गेली होती.

हिऱ्या आणि माणक्या. दोन्ही लाल कंधारी, दोन्ही घरच्या गाईचे, एक वर्षाच्या अंतरानं झालेले. दोघंही जुळलेले, म्हणजे सगळे दात आलेले. हिऱ्याला उजवीकडंच जुंपावं लागतं, डावीकडं जुंपला की मान टाकतो. माणक्याला पोराबाळानं सोडलं तरी चालतं. हे सगळं मला तोंडपाठ, आणि विकायचं ठरवलं ते मीच.

माय 78 वर्षांची आहे. तिला सांगितलं नाही. चूक तिथंच झाली. तिला म्हणलं, यंदा दोन दाती गोऱ्हा प्रदर्शनात दाखवायचा आहे, म्हणून जनावरं न्यायची. ती म्हणली, "मंग मी बी येते. सोमवतीचं दर्शन व्हईल." आता नको कसं म्हणायचं?

आदल्या दिवशी मी आणि मुलगा पिकअपमध्ये तिन्ही जनावरं घेऊन गेलो. आधी कानातले बिल्ले तपासले. 1 जून 2024 पासून बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. ज्यांनी अजून मारून घेतले नाहीत त्यांनी दवाखान्यात जाऊन घ्यावेत. बारा आकडी नंबर असतो, विकल्यावर तो नव्या मालकाच्या नावावर करून द्यावा लागतो. माझ्या शेजारच्या दावणीवाला एका बैलाचा बिल्ला कुठंतरी काटेरी तारेत पडलेला असताना तसाच आला होता, बिचाऱ्याला तसंच परत जावं लागलं.

बाकी घरचे रविवारी सकाळी आले. बायको, सून, सात वर्षांची नात आणि माय. बायकोचं माहेर देवणी तालुक्यातलं, म्हणजे लातूर जिल्हा. तिचा भाऊ दरसाल देवणी जनावरं घेऊन येतो. तिला नवऱ्याची जनावरं एका बाजूला आणि भावाची दुसऱ्या बाजूला. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, तरी तिचं एकच, देवणीसारखा देखणा बैल नाही, गाय दुधाला बरी आणि गोऱ्हा कामाला. नातीला हात धरून तिनं सगळं दाखवलं. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं तो वानेरा. पोटाखाली काळे ठिपके तो बालंक्या. सगळ्या अंगावर काळे-पांढरे पट्टे-ठिपके तो शेवरा. नात म्हणली, "आणि आपला?" मी म्हणलं, आपला एकच रंग, तांबडा. मेव्हणा हसला. "दाजी, रंग एकच असला म्हंजी शाळेतला गणवेश झाला की." दरसालचंच आहे हे. यंदा मला हसू जरा उशिरा आलं.

बाजारात सकाळपासून गिऱ्हाईक फिरत होतं. एक दलाल तीनदा आला. तरणा, अंगात जाकीट, दोन फोन. त्यानं दात बघितले, शेपटी वर करून बघितली, आणि माझा हात धरून वर रुमाल टाकला. नव्या पोरांना हे माहीत नसेल. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. पाच बोटं धरली की पाच हजार का पन्नास हजार, ते त्या दोघांनाच कळतं, बाजूच्याला पत्ता लागत नाही. आता सगळे उघड बोलतात, तरी जुने दलाल अजून रुमाल टाकतात. बोटांनी घासाघीस होऊन तो 1 लाख 45 हजारांवर आला. मी दीडवर अडलो होतो. मुलगा मागून म्हणला, "बाबा, द्या."

मी दलालाला विचारलं, कुठं जाणार जोडी? तो म्हणला, "काका, पैसे मोजून घ्या. पुढचं कशाला?"

मी दर्शन करून येतो म्हणून सांगितलं.

दर्शनाच्या बारीला पावणेतीन तास लागले. मायला मध्ये दोनदा बसवावं लागलं. सगळीकडं भंडारा, लोकांचे कपडे, केस, जमीन पिवळी. वाघ्ये, मुरळ्या, हातात कोटंबा घेतलेले, डफ-घाटीचा आवाज. मधेच कोणीतरी "येळकोट येळकोट" म्हणतो आणि शंभर माणसं "जय मल्हार" म्हणतात. सून पहिल्यांदाच आली होती, परभणीकडची आहे. तिच्या नव्या साडीवर कोणीतरी मूठभर भंडारा उधळला. ती दचकली, मग हसली. हळदीचा डाग निघत नाही ते तिला नंतर कळलं.

बाहेर आल्यावर तळी भरली. ताटात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याच्या वाट्या, भंडारा. पाच जणांनी ताट उचलायचं. मी, मुलगा, मेव्हणा, त्याचा मुलगा, एक माणूस कमी पडत होता. बाजूला उभा असलेला एक अनोळखी पाव्हणा न बोलवता पुढं आला आणि ताटाला हात लावला. खंडोबाच्या दारात असं चालतं, तुम्ही कोण, कुठले, कोणी विचारत नाही. तळी झाल्यावर त्यानं खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि गर्दीत गेला.

मग माय म्हणली, "चल, जनावराला भंडारा लावू."

मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी काही बोललो नाही. गेलो. तिनं हिऱ्याच्या कपाळाला लावला, माणक्याच्या कपाळाला लावला, गोऱ्ह्याला लावला. तेवढ्यात तो दलाल आला आणि तिच्या समोरच म्हणला, "काका, झालं का दर्शन? करा मग पावती."

माय काही ओरडली नाही. गोऱ्ह्याच्या अंगावरचा हात तसाच ठेवून म्हणली, "जोडी इकू लालास व्हय? कामून रं मला सांगितलं न्हाईस?"

तिथंच, कडब्याच्या पेंढीवर बसून, मी तिला हिशोब सांगितला. सोयाबीन, कर्ज, कडबा, ट्रॅक्टर. ती सगळं ऐकत होती. मला वाटलं होतं रडेल किंवा विकू नको म्हणेल. ती दुसरंच बोलली.

"बहात्तरला तुह्या बानं हितंच जोडी इकली. तू तीन वर्साचा व्हतास. चारा न्हवता, पाणी न्हवतं, घेणारा बी न्हवता. फुकट दिल्यावानी दिली. दोन दावी खांद्यावर टाकून पायी घरी आला, दोन दिस जेवला न्हाई. त्यानं कुणाला दिली ते बी इचारलं न्हवतं. मरस्तोवर म्हणायचा, इचाराया पायजे व्हतं."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे सुकडी, खडीकेंद्र, एवढंच घरात बोललं जायचं. जोडीचं कधी निघालं नाही.

मग ती म्हणली, "इकायची तर इक. कर्ज म्हंजी कर्ज. पर घेणारा बघून दे. त्याला इचार, ज्वारी पेरतो का."

दलाल हसला. म्हणला, "आज्जे, म्या पेरतच न्हाई." त्यानं आणखी दोन हजार वाढवले. मी नको म्हणलं. मुलगा उठून चहा प्यायला गेला, म्हणजे रागावून गेला. त्याचं कसं चुकलं म्हणू? सतरा-अठरा हजारांची गोष्ट होती, आणि व्याज त्यालाही दिसतंच.

संध्याकाळी चारच्या सुमाराला अहमदपूर तालुक्यातला एक शेतकरी आला. चाळिशीचा असेल, सोबत बायको आणि शाळेतला मुलगा. त्यानं दात शेवटी बघितले. आधी खाली बसून चारही खूर बघितले, मग खांद्यावर हात दाबून बघितला, जुवाची गाठ आहे का. मग म्हणला, जरा चालवून दाखवा. हिऱ्या उजवीकडंच चालतो हे मी सांगायच्या आधी त्याच्या लक्षात आलं. "हा उजव्याचा दिसतो," म्हणला.

मायनं विचारलं, "लेकरा, ज्वारी पेरतोस का?"

"पेरतो की माय. अडीच एकर हाये यंदा बी. दोन म्हशी हायेत, कडबा तर लागतोच. ट्रॅक्टर आमच्या वावरात जात न्हाई, उतार हाये आन बांध बारीक."

तो 1 लाख 20 च्या वर येईना. मी 1 लाख 35 सांगितले. शेवटी 1 लाख 28 हजारांवर तुटलं. बाजाराची पावती केली, बिल्ल्याचे नंबर लिहून घेतले, पैसे अर्धे रोख, अर्धे फोनवरून. मी हिशोब लपवत नाही: दलालाला दिली असती तर एकोणीस हजार जास्त आले असते. एवढ्यात एक एकर सोयाबीनचं खत-बियाणं होतं. ज्याला हा मूर्खपणा वाटेल त्यानं तसं म्हणावं, माझ्या मुलालाही अजून वाटतो.

आमच्या घरात एक रीत आहे, जनावर द्यायचं पण दावं द्यायचं नाही. दावणीची लक्ष्मी जाते म्हणतात. त्यानं स्वतःची नवी दावी आणली होतीच. मी जुनी सोडली. माणक्या गपगुमान गेला. हिऱ्या दहा पावलं जाऊन थांबला आणि मागं वळून बघितलं. मी दुसरीकडं बघत उभा राहिलो. त्या माणसानं ओढलं नाही, मारलं नाही. मानेखाली खाजवत उभा राहिला. मग गेला हिऱ्या.

आता गोऱ्ह्याचं सांगतो, कारण ते तुमच्या कामाचं आहे. प्रदर्शनात त्याला नंबर मिळाला नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, त्यांच्यावर माझी काही तक्रार नाही. लाल कंधारी म्हणजे सगळं अंग एकसारखं गडद तांबडं, वळू गाईपेक्षा जास्त गडद, डोळ्याभोवती काळं वर्तुळ, कान लांब. माझ्या गोऱ्ह्याच्या पोटाखाली तळहाताएवढा पांढरा डाग आहे. घरी मी तो रोज बघत होतो, तरी बघत नव्हतो. त्यांनी विचारलं, गाय कुणाकडून फळवली? खरं सांगितलं. गाय माजावर आली तेव्हा सोयाबीन काढणीची घाई, दवाखान्यात फोन केला नाही, गावात मोकळा फिरणारा सांड लागला. त्याची जात कोणालाच माहीत नाही. डॉक्टर म्हणले, "काका, तुमच्या तालुक्याच्या नावाची जात, आणि तुम्हीच असं केलं तर?" कंधार तालुका आमचा. मान खाली गेली.

तर ज्यांच्याकडं चांगली लाल कंधारी किंवा देवणी गाय आहे त्यांनी माजाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. एकवीस दिवसांनी परत बघा. दवाखान्यातून त्याच जातीची कांडी मागून घ्या. संकरितच भरायची की काय ते आधी ठरवा, अर्धं इकडं अर्धं तिकडं करू नका. मला 2022 च्या लम्पीत एक गाय गेली तेव्हापासून ही एकच गाय उरली आहे, आणि तिच्या पोटचा गोऱ्हा असा निघाला.

सोमवतीला सकाळी निघालो. माय पिकअपमध्ये पुढं बसली, मांडीवर दोन्ही दावी. मी म्हणलं मागं टाक, ती म्हणली असू दे. मुलगा वाटेत लोह्यापर्यंत काही बोलला नाही. लोह्याला गाडी थांबवून त्यानं सगळ्यांना चहा पाजला आणि मला विचारलं, "अडीच एकर ज्वारीचा कडबा किती निघतो हो बाबा?" मी म्हणलं, पाऊस आणि जमीन बघून. तो फोनवर काहीतरी बघत बसला. त्याच्या मनात काय आहे ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

घरी आल्यावर नात आधी गोठ्याकडं पळाली. तिथं दोन खुंटे रिकामे. तिला रविवारी बाजारात सांगितलं होतं, तिनं ते खरं धरलं नव्हतं. मायनं दावी धुतली, वाळवली आणि आढ्याच्या खिळ्याला टांगली. कधीपर्यंत, ते ती बोलली नाही.

कर्जाचा हप्ता 2 तारखेला भरला.

गाय परवा माजावर आली होती, वेळेत फोन केला, कांडी भरून घेतली. तारीख भिंतीवर लिहिली आहे. पुढच्या रब्बीला हरभऱ्यातला दीड एकर कमी करून ज्वारी टाकायचा विचार आहे, परभणी विद्यापीठाची परभणी मोती टाकावी म्हणतो. आमच्या भागात भारी जमिनीवर कोणी तिचा कडबा घेतला असेल, तर किती पेंढ्या निघाल्या आणि जनावरानं ताटं टाकली की खाल्ली, ते लिहा. कोळपणीला यंदा भाड्याची जोडी बघावी लागेल. कंधार-लोहा भागात जुलैमध्ये कोणी जोडी देत असेल तर रोजचा दर कळवा.

हरभऱ्यात फेरोमोन सापळे लावलेत, एकरी पाच. काल एका सापळ्यात सात पतंग होते, परवा चार. ढगाळ राहिलं तर अळी वाढेल. उद्या बघून फवारणीचं लिहितो.